‘पोस्टमध्ये बघू’

पांडुरंगवाडी, गोरेगाव (पूर्व)

प्रिय भाचेबाई,

तुझा मेसेज वाचला. एका कुकरच्या फोटोसाठी तुमच्या सरांनी अख्खी सकाळ कागदाचा तंबू बांधण्यात घालवली, तोच फोटो तू दुपारच्या जेवणापर्यंत कॉम्प्युटरवर करून दिला असतास, मग हा खटाटोप कशासाठी, असं विचारलंयस. एवढ्या प्रश्नाला फोनवर अंगठ्याने उत्तर देणं मला जमत नाही, म्हणून हे पत्र. सोनावाला रोडच्या गाळ्यातून निघून ट्रेनमध्ये बसायला मिळालं तर वाच, उभी असशील तर घरी जाऊन वाच.

आधी एक सांगतो. ‘आमच्या वेळी फोटो जसा निघेल तसाच असायचा, खरा असायचा’ असं एखादा म्हातारा सांगू लागला तर खुशाल उठून जा. धादांत खोटं आहे ते. बऱ्यापैकी चालणाऱ्या प्रत्येक स्टुडिओच्या मागच्या खोलीत टचिंगचं टेबल असायचं. तिरकी फळी, तिच्या मधोमध चौकोनी भोक, भोकात दुधी काच आणि खाली उजेड वर फेकणारा आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, चिंधीने तिच्यावर टचिंगचं औषध फिरवायचं म्हणजे शिसं धरतं, आणि मग पेन्सिल. पेन्सिलीचं टोक ब्लेडने लांब काढून पॉलिश पेपरवर सुईसारखं घासलेलं. सगळा हिशेब उलटा. चेहऱ्यावरची सुरकुती निगेटिव्हवर फिकट दिसते, तिच्यात हलक्या हाताने शिसं भरत गेलं की प्रिंटवर ती उजळून बुजते. हात जरा जड पडला तर गालावर पांढरा डाग. प्रिंटवर धुळीचा ठिपका आला तर बारीक कुंचला ओठांत ओला करून रंगाने भरायचा. स्थळासाठी काढलेल्या मुलीच्या फोटोत देवीचे व्रण राहिलेले मी तरी क्वचितच पाहिले. मुलाकडचे प्रत्यक्ष बघायला येत तेव्हा काय होत असेल, ते फोटोग्राफरला विचारायला कुणी परत येत नसे.

तेव्हा टचिंग हे तुझ्या पिढीचं पाप नाही आणि कॉम्प्युटरने आणलेलं तर नाहीच. फोटोशॉप बाजारात आलं 1990 मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून हा उद्योग जोरात होता.

आणि आपल्या गावात ही गोष्ट आणखी मागे जाते. तू ज्या चित्रनगरीच्या फाटकावरून रिक्षाने जातेस ती राज्य सरकारने 1977 मध्ये उभारली. दादासाहेब फाळक्यांचं नाव तिला नंतर मिळालं. लोकांना त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ माहीत असतो, पण त्याआधी ते काय करत होते ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. ते आपल्याच धंद्यातले. जे. जे. आणि बडोद्याचं कलाभवन इथे शिकलेले, गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ चालवलेले, पुरातत्त्व खात्यात काम केलेले, पुढे छापखान्यात रमलेले, शिवाय जादूचे प्रयोग करणारे. 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले तेव्हा भांडवल घालायला माणूस मिळेना. त्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेत राहिले. पडद्यावर काही क्षणांत कोंब फुटून वेल वर चढला. पैसे देणाऱ्याची खात्री पटली.

आता टचिंग करणारी म्हणून तू त्या वेलाकडे बघ. त्या दिवसांत कॅमेरा बोटभर सरकला असता तर वेल पडद्यावर नाचला असता. उजेड कमीजास्त झाला असता तर पडदा लुकलुकला असता. हे नंतर दुरुस्त करायला त्यांच्याकडे काहीही नव्हतं. पण हेही लक्षात घे की एकाही माणसाने तो वेल तसा वाढताना डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. म्हणजे दृश्य रचलेलंच होतं. ते रचायचं कसं हे फाळक्यांनी दाणा पेरण्याआधी ठरवलं होतं. पुढे ‘लंकादहन’मध्ये (1917) राम आणि सीता दोन्ही एकाच नटाने, साळुंक्यांनी केले. तिथेही हिशेब आधीच मांडलेला.

मला जे सांगायचंय ते याच जागेवर आहे. सेटवर करावं की पोस्टमध्ये, म्हणजे शूट झाल्यावर कॉम्प्युटरवर, यावर लोक उगाच हमरीतुमरीवर येतात. कुठेही करा. प्रश्न एवढाच की ठरवलं कधी. ‘हे आपण पोस्टमध्ये करू’ असं शूटच्या आधी ठरवून केलेलं काम वेगळं, आणि समोर गोंधळ झाल्यावर खांदे उडवत म्हटलेलं ‘पोस्टमध्ये बघू’ वेगळं. दुसऱ्यात काहीच ठरलेलं नसतं. ठरवण्याची जबाबदारी तेवढी पुढच्या टेबलावर ढकललेली असते. हल्ली त्या टेबलाशी तू बसलेली असतेस.

आता तुझा कुकर. स्टीलचा कुकर म्हणजे फुगीर आरसा. त्याचा फोटो काढायचा म्हणजे त्याच्या पोटात दिसणाऱ्या खोलीचा फोटो काढायचा. तंबू नसता तर त्या पोटात काय काय आलं असतं ते आठव: ट्यूबलाइट, पंखा, खिडकीची जाळी, सरांचा निळा शर्ट, टेबलावरची बिस्लेरीची बाटली. हे सगळं तू पुसशील, पण पुसल्यावर तिथे भरशील काय? सपाट करडा रंग भरलास की कुकर प्लास्टिकचा दिसेल. स्टील स्टीलसारखं दिसतं ते त्याच्यावर कुठला उजेड कसा उतरत गेलाय त्यावरून. तुमच्या सरांनी ट्रेसिंग पेपर दोन्ही बाजूंनी वळवून घेतला असेल आणि दिवे त्याच्या बाहेरून, जरा लांबून टाकले असतील. दिवा कागदाजवळ घेतला तर मध्ये झळाळ आणि कडेला झपकन काळोख, दूर नेला तर उजेड हळूहळू विरत जातो. कुकरच्या पोटावरची ती लांब, मऊ, विरत जाणारी चमक हीच. मग त्यांनी दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, काळ्या कार्डाच्या उभ्या पट्ट्या लावल्या असतील. त्या नसत्या तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरा कुकर विरघळला असता. पट्टीची काळी रेघ स्टीलवर उमटते आणि वस्तूला कड येते. त्या पट्ट्या इकडून तिकडे चिमूटभर सरकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तेव्हा त्यात सकाळ गेली याचं मला काही वाटत नाही.

पण ऐक, तंबूलाही एक भोक ठेवावंच लागतं, लेन्ससाठी. त्या भोकाचा काळा ठिपका कुकरच्या पोटावर दिसणारच. कॅमेरा खोलीत असल्याशिवाय फोटो निघत नाही, आणि तो आरशात दिसल्याशिवाय राहत नाही. तो ठिपका तू काढ, बिनदिक्कत काढ. आजूबाजूची चमक शाबूत आहे, तिथे काय असायला हवं हे कडेचे पिक्सेलच तुला सांगतील. तसंच हँडलचं. काळ्या बॅकेलाइटला जो उजेड लागतो तो स्टीलला चालत नाही. शहाणा फोटोग्राफर कॅमेरा स्टँडवर घट्ट आवळतो, एक फोटो पोटासाठी घेतो, एक हँडलसाठी, एक शिक्क्याच्या कोरीव अक्षरांसाठी, आणि तिन्ही तुझ्या हातात देतो. तू ते एकावर एक बसवतेस. हे अर्धं काम सेटवर झालं, अर्धं तुझ्या पडद्यावर, आणि कुणी कुणाचा कचरा उपसला नाही. तुमच्या सरांनी तीन फोटो घेतले होते का, ते मला कळव. घेतले नसतील तर तुझी तक्रार निम्मी बरोबर.

कपड्यांचं मात्र कुकरपेक्षा अवघड. पैठणीची जर जरा जास्त उजेडात जळाली, म्हणजे फोटोत नुसता पांढरा पट्टा उरला, की संपलं. त्या पांढऱ्यात माहितीच नाही. रॉ फाइल असली तरी तिला सीमा आहे. सेन्सर भरून वाहिला की त्यापुढचं कुठेच नोंदलेलं नसतं. पूर्वी अशा वेळी साडी पुन्हा मांडायला लागायची. आता 2023 पासून फोटोशॉपमध्येच शब्द टाइप केले की रिकामी जागा भरून मिळते. पदरावर सुंदर मोर येतो. फक्त तो येवल्याच्या विणकराने मागावर काढलेला मोर नसतो. गिऱ्हाइकाने फोटो बघून साडी मागवली, घरी आल्यावर मोराची मान दुसरीकडे वळलेली. साडी परत, पैसे परत, आणि दुकानदाराचा पहिला फोन तुला. यंत्र खोटं बोललं असं मी म्हणत नाही. त्याला ‘असा मोर असू शकतो’ एवढंच माहीत असतं. ‘हा मोर’ फक्त कॅमेऱ्यासमोर असतो.

म्हणून साडीच्या कामात मी दोन गोष्टींवर अडून बसायचो, तूही बस. पहिल्या फ्रेममध्ये रंगांचं कार्ड धरायला लावायचं, आणि जरीवरचा उजेड कडेने, खालच्या कोनातून घ्यायचा. कार्ड धरायला अर्धं मिनिट लागतं. नाही धरलं तर जांभळा की वांगी यावर तीन दिवस मेलामेली.

चमकणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत आपल्या शेजारच्या अंधेरीत एक प्रकरण होऊन गेलं ते तुला माहीत हवं. ‘मुघल-ए-आझम’चा शीशमहाल मोहन स्टुडिओत उभा केला होता. बेल्जियमहून आणलेल्या काचा, सेट बांधायलाच दोन वर्षं. आणि दिवे लावल्यावर लक्षात आलं की हजारो काचांतून दिवेच परत डोळ्यांत येतायत, चित्रीकरण होणं शक्य नाही. काचांवर मेणाचा पातळ थर देऊन झळाळी कमी केली. आणि कॅमेरामन आर. डी. माथुर यांनी दिवे थेट टाकणं सोडलं आणि कापडाच्या पट्ट्यांवरून उजेड उसळवून घेतला. तुझ्या कुकरचीच अडचण, फक्त महालाएवढी. उत्तरही तेच: दिवा दिसू द्यायचा नाही, त्याचा उजेड तेवढा दिसू द्यायचा. सिनेमा 1960 मध्ये आला. 2004 मध्ये कृष्णधवल भागांना कॉम्प्युटरने रंग चढवून तो पुन्हा प्रदर्शित केला. रंग चढवता आला, कारण खाली करड्या रंगाच्या साऱ्या छटा जागच्या जागी होत्या. ‘कागज के फूल’मधला (1959) तो उजेडाचा प्रसिद्ध झोतही असाच. व्ही. के. मूर्तींनी मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन आत वळवलं होतं.

तू म्हणशील, मामा ही सगळी सोन्याच्या दिवसांची कौतुकं. बरं, मग आजचं बघू. तुझ्या मैत्रिणी व्हीएफएक्समध्ये आहेत, त्यांना विचार सेटवर जाऊन त्या पहिलं काय करतात. हातात एक चकचकीत गोळा आणि एक करडा गोळा धरून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहतात. चकचकीत गोळ्यात चहूबाजूंचा उजेड नोंदला जातो, करड्यावर सावली कशी पडते ते कळतं. त्याशिवाय कॉम्प्युटरमध्ये बनवलेला राक्षस त्या खोलीत उभा असल्यासारखा दिसत नाही. म्हणजे जे लोक पोस्टवरच जगतात तेच सेटवरच्या उजेडाला सर्वांत जास्त मानतात! ‘पोस्टमध्ये बघू’ म्हणणारे वेगळेच असतात, त्यांनी पोस्टचं काम कधी केलेलं नसतं.

हिरव्या पडद्याची गंमत तर तू रोज ऐकत असशील. नटीला पडद्याला खेटून उभं केलं की पडद्याचा हिरवा उजेड तिच्या गालावर आणि मोकळ्या केसांच्या कडांवर चढतो. तिला चार पावलं पुढे घेतलं, पडद्याचे दिवे वेगळे लावले, की निम्मं काम तिथेच संपतं. चार पावलांना पैसे पडत नाहीत. पण पॅकअपची घाई असते, नटीच्या पुढच्या तारखा असतात, क्लायंटला एअरपोर्ट गाठायचा असतो, आणि कुणीतरी ते वाक्य उच्चारतो. 10 सेकंदांचा शॉट म्हणजे 240 फ्रेम. प्रत्येक फ्रेममधले भुरभुरणारे केस मग कुणीतरी हाताने कापत बसतो.

हा ‘कुणीतरी’ कोण, हे गोरेगावात राहून आपल्याला माहीत आहे. रात्री शेवटच्या लोकलच्या आधी चहाच्या टपरीवर, गळ्यात ओळखपत्र अडकवून, लाल डोळ्यांनी उभी असतात ती मुलं. सेटवर दिवा हलवायला दहा मिनिटं जास्त लागली की सगळे घड्याळ बघतात, कारण तिथे शिफ्टचं भाडं आहे, जनरेटर आहे, लाइटदादा, स्पॉटदादा, मेकअप, पन्नास माणसांचं जेवण आहे, आणि बारा तासांवर गेलं की ओव्हरटाइम. गाळ्यात बसलेल्या मुलाच्या रात्रीचं भाडं कुठल्या कागदावर येत नाही. म्हणून पोस्ट स्वस्त वाटतं. मला राग येतो तो याचा. टचिंगचा नाही.

दुसऱ्या बाजूनेही बोलतो, नाहीतर तू मला सेटभक्त समजशील. शूटमध्ये मोठी मांडामांड केली म्हणजे फोटो प्रामाणिक झाला, असं बिलकुल नाही. अमेरिकेत एका नामांकित सूपच्या जाहिरातीत 1960च्या दशकाच्या अखेरीस वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या, म्हणजे भाज्या वर येऊन सूप दाट दिसेल. फोटोला एक टच नव्हता. सगळं समोर मांडलेलं, जसंच्या तसं टिपलेलं, आणि तरी फसवणूक. तिथल्या व्यापार आयोगाने त्यावर कारवाई केली. आपल्याकडे आइस्क्रीम म्हणून कुस्करलेला बटाटा आणि पेल्यातला बर्फ म्हणून अॅक्रिलिकचे तुकडे कुणी बघितले नाहीत? आणि हल्ली काही शूटमध्ये निम्मे दिवे फोटोसाठी असतात आणि निम्मे ‘बिहाइंड द सीन्स’च्या रीलसाठी. साबणाच्या एका वडीला क्रेन! नाकापेक्षा मोती जड. तिथे तू जांभई दिलीस तरी माझी हरकत नाही.

फिलिप हाल्समनने 1948 मध्ये साल्वादोर दालीचा एक फोटो काढला, तो तू शोधून बघ. दाली हवेत उडालाय, मांजरं उडतायत, पाण्याचा फवारा आडवा गेलाय, खुर्ची अधांतरी, चित्राची घोडी अधांतरी. सहायकांनी मांजरं आणि बादलीभर पाणी फेकायचं, दालीने उडी मारायची, मग फिल्म धुवून बघायची, जमलं नाही तर पुन्हा. पंचवीसहून जास्त वेळा केलं. मांजरं कोरडी करावी लागत होती म्हणे दर खेपेला. पण टचिंग न केलेली प्रतही उपलब्ध आहे, तीही शेजारी ठेव. तिच्यात खुर्ची धरलेला हात दिसतो आणि घोडी तारांनी टांगलेली दिसते. तारा आणि हात नंतर काढले, घोडीवरच्या रिकाम्या चौकटीतलं चित्र दालीने नंतर रंगवलं. पाणी आणि मांजरं मात्र नंतर कुणीही रंगवली नाहीत. पाणी कसं फाटतं ते पाण्यालाच माहीत. तार काढायची हे घोडी टांगतानाच ठरलेलं होतं. काय समोर घडवायचं आणि काय मागाहून काढायचं याची वाटणी इतकी स्वच्छ मी दुसरीकडे पाहिली नाही.

आता तुझ्या नोकरीचं. तुला शूटला बोलावत नाहीत असं तू मागे म्हणाली होतीस. बोलावणार नाहीतच, तू जा. पहिल्या तासाला लॅपटॉप घेऊन सेटवर बस, कॅमेऱ्यातून येणारी फाइल तिथेच दोनशे टक्के मोठी करून बघ, आणि कुकरमध्ये निळा शर्ट दिसला की तिथल्या तिथे सांग, काळा घाला म्हणून. एकदा-दोनदा नाकं मुरडतील. तुझ्यामुळे वाचलेला एक दिवस बिलात दिसला की खुर्ची आपोआप मिळेल.

आणि कोटेशनमध्ये टचिंगचे तास वेगळ्या ओळीत लिहायला लाव. ‘फोटोग्राफी, टचिंगसह’ असं एका ओळीत गुंडाळलेलं मान्य करू नकोस. ठिपका काढणं, तीन फोटो जोडणं हे ठरलेलं काम एका दराने, आणि सेटवर राहून गेलेलं निस्तरणं दुसऱ्या, चढ्या दराने. सर कुरकुर करतील. त्यांना सांग, क्लायंटसमोर ‘पोस्टमध्ये बघू’ म्हणण्याआधी ती दुसरी ओळ वाचा.

रविवारी मी घरीच आहे. ते टचिंगचं टेबल माळ्यावर आहे, आरसा फुटलाय पण काच शाबूत आहे, हवं असेल तर घेऊन जा. टेम्पोचे पैसे तुझे. आईला म्हणावं, गुडघ्याचं तेल पाठवलंय ते संपलं की कळव.

तुझा,
मामा